विळी माळ्यावर टाकलेल्या आईला

‘ताई, माझं बाळ साडेतीन महिन्यांचं आहे. दोन महिन्यांपूर्वी भाजी चिरताना एकदम मनात आलं, ही विळी मी बाळाला लावली तर? हातपाय गार पडले. विळी माळ्यावर टाकली, सुऱ्या कुलपात ठेवल्या. भाजी आता नवरा चिरतो. बाळाला अंघोळ घालत नाही, गॅलरीत नेत नाही. तो विचार रोज येतोच. नवऱ्याला खरं कारण सांगितलेलं नाही, पण “मी बाळाला नीट सांभाळते ना?” हे दिवसातून वीसदा विचारते. सासूबाई बाळंतवात म्हणतात, दृष्ट काढतात. मी वेडी होतेय का? बाळाला माझ्या आईकडेच ठेवावं का?’
– एक आई, सातारा जिल्हा

बाळाला आईकडे ठेवू नकोस. हे आधी सांगते, बाकीचं नंतर.

तुझं पत्र दोनदा वाचलं. बाळाच्या जिवावर उठलेली बाई मला त्यात कुठे सापडली नाही. बाळाच्या धास्तीने स्वतःचं स्वयंपाकघर कुलपात घालणारी सापडली. मी डॉक्टर नाही, निदान तेच करतील. पण तू लिहिलंयस ते ओसीडीशी फार जुळतं, म्हणजे नको असलेले विचार सारखे येणं आणि ते शमवायला त्याच त्याच गोष्टी करत राहणं या आजाराशी. आपला जुना शब्द मंत्रचळ. तो ऐकला की सारखे हात धुणारी, कुलूप चारदा ओढून बघणारी एखादी आत्या आठवते आणि आपण हसतो. (हसू नये, तिचे हाल तिलाच ठाऊक.) बाळंतपणानंतर हाच आजार कधीकधी तुझ्यासारख्या रूपात येतो. आत्याचं पाणी सगळ्यांना दिसतं, तुझी माळ्यावरची विळी कुणाला दिसत नाही.

असे विचार तुलाच येतात असं समजू नकोस. रॅकमन आणि डिसिल्व्हा या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली हा आजार नसलेल्या लोकांना विचारलं होतं. बहुतेकांनी कबूल केलं की भलतेसलते विचार आमच्याही डोक्यात येतात. विषयसुद्धा रुग्णांसारखेच. ते लोक ‘काय मेलं डोक्यात येतं’ म्हणून कामाला लागतात. तू मात्र त्या विचाराला स्वतःविरुद्धचा पुरावा मानलंस.

आणि मग विळी वर गेली. घटकाभर बरं वाटलं ना? तिथेच गोम आहे. विळी हलवली म्हणून बाळ वाचलं, असं मनाने धरलं. मग सुऱ्या, मग अंघोळ, मग गॅलरी. आता पाळी बाळाची. नवऱ्याचं ‘हो गं, छान सांभाळतेस’ हेही त्यातलंच. ते पाच मिनिटं पुरतं, म्हणून तर वीसदा विचारावं लागतं.

उपचार याच्या बरोबर उलट चालतो. त्याला ईआरपी म्हणतात, म्हणजे भीतीला सामोरं जायचं आणि सुटकेसाठी करतो ती गोष्ट करायची नाही. थेरपिस्टच्या मदतीने, सोप्यापासून अवघडाकडे. आधी विळी नुसती समोर ठेवून बसायचं, मग बाळ पाळण्यात असताना भाजी चिरायची, पुढे कधीतरी अंघोळ. भीती आली तरी उठायचं नाही, कुणाला विचारायचंही नाही. ती आपोआप ओसरते, हे अनुभवाने कळावं लागतं. एकटीने सुरू करू नकोस. गरज वाटली तर डॉक्टर सर्ट्रालिनसारखं औषध देतील. अंगावर पाजत असशील तर तसं सांग. हे औषध दुधात फार थोडं उतरतं. गुण यायला आठ ते बारा आठवडे लागू शकतात, दहा दिवसांत कंटाळून सोडू नकोस.

सासूबाईंच्या ‘बाळंतवात’ या एका शब्दात वेगवेगळे आजार कोंबलेले असतात. सतत रडू येणं, कशातच जीव न लागणं हे नैराश्य. ते ओसीडीच्या सोबतीलाही येतं, तसं असेल तर लपवू नकोस. तुला ज्याची भीती वाटते ते बाळंतपणानंतरचं सायकोसिस साधारण हजारात एक-दोघींना होतं, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत. तेव्हा आवाज ऐकू येतात, झोप उडते, बाळात काही वाईट शिरलंय अशी खात्रीच पटते, आणि त्या बाईला त्यात काही चूक वाटत नाही. तुला तुझ्या विचाराने घाम फुटतो. हा फरक मोठा आहे. तरीही असं काही जाणवलं, किंवा स्वतःला संपवावंसं वाटलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठ, आणि तोवर एकटी राहू नकोस.

आता बोलायचं कसं? कागदावर लिहून ने: ‘बाळाला इजा करण्याचे विचार मनात येतात, ते मला नको आहेत, त्यांची भीती वाटते.’ आधी नवऱ्याला वाचून दाखव, मग मानसोपचारतज्ज्ञांना. हे वाक्य त्यांना नवं नसतं. सासरी कळेल म्हणून घाबरत असशील, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तुझी माहिती गुप्त ठेवणं त्यांना बंधनकारक आहे. पहिलं पाऊल जड वाटलं तर १४४१६ ला फोन कर. टेली-मानस ही सरकारी सेवा आहे. फुकट, दिवसरात्र, मराठीतून.

सासूबाईंना दृष्ट काढू दे, मीठ-मोहऱ्यांनी काही बिघडत नाही. डॉक्टरांची तारीख तेवढी त्यापायी पुढे जाऊ देऊ नकोस.

आणि विळी आजच्या आज खाली काढायची घाई नको. कुठल्या पायरीवर काढायची ते थेरपिस्टबरोबर ठरव. तोवर भाजी नवऱ्याला चिरू दे. त्यानंतरही तोच चिरत राहिला तर माझी काही हरकत नाही.