दोघंही नोकरीला, हाताशी वेळ नाही: जळगावात घरखर्च आटोक्यात कसा ठेवावा?

तुम्ही लिहिलंय की बदली होऊन जळगावला आलात, नवरा-बायको दोघंही नोकरीला, दोन मुलं शाळेत, हिशोब लिहायलाही सवड नाही आणि महिनाअखेरीस हातात काही उरत नाही. आमचंही घर असंच धावपळीचं आहे, म्हणून सांगते. ज्या घरात वेळ नाही, तिथे रोजची काटकसर टिकत नाही. वर्षातून किंवा आठवड्यातून एकदा लावून दिलेली व्यवस्थाच टिकते. पैसा सुटतो तो संध्याकाळी, सगळे दमून आल्यावर, 'आता कोण करत बसणार' म्हणत बाहेरून मागवलं जातं तेव्हा.

म्हणून आधी स्वयंपाकघर. शेवभाजी ही ढाब्यावर जाऊन खायची गोष्ट समजू नका, ती दमलेल्या संध्याकाळचीच भाजी आहे. रविवारी कांदा आणि सुकं खोबरं खरपूस भाजा, आलं-लसूण घालून वाटा, तेलात परता आणि डबा फ्रीजरमध्ये ठेवा. मग आठवडाभर त्यातलं दोन-तीन चमचे वाटण काढायचं, काळा मसाला घालायचा, पाणी ओतून रस्सा उकळायचा. भाजीची जाड शेव दुकानात वेगळी मिळते, ती वाढायच्या वेळीच टाका, नाहीतर लगदा होतो. त्याच वाटणात एक दिवस उकडलेली अंडी, एक दिवस पातोड्या, म्हणजे बेसनाच्या वड्या. शिवाय कळण्याचं पीठ घरात असू द्या. ज्वारी आणि सालासकट उडीद, थोडं मीठ टाकून गिरणीतून दळून आणायचे. कळण्याची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा असला की भाजी नसली तरी पोटभर जेवण होतं, आणि मुलंही आवडीने खातात.

दुसरं, साल भरणं. इथे मार्च-एप्रिलमध्ये गहू आणि दादर ज्वारी नवी येते, तेव्हाच वर्षाचं धान्य भरतात. ओळखीच्या शेतकऱ्याकडून थेट घेतलं तर त्यालाही बरा भाव मिळतो आणि तुम्हालाही दर महिन्याला किराणा दुकानातून पाच-दहा किलो आणण्यापेक्षा स्वस्त पडतं. धान्याला कडक ऊन द्या, गव्हाला एरंडेल तेलाचा हात फिरवा, मगच कोठीत भरा. लाल मिरची त्याच्या थोडी आधी घ्यावी. नंदुरबारचा मिरचीचा बाजार त्यासाठीच नावाजलेला आहे. अडचण एकच, एकदम मोठी रक्कम लागते. त्यासाठी बँकेत बारा महिन्यांची आरडी, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम भरायची ठेव, अशी लावा की ती फेब्रुवारीत संपेल. भिशीही चालते, पण रोजच्या ओळखीची माणसं असतील तरच.

वीज. इथला उन्हाळा ४४-४५ अंशांवर जातो, त्यामुळे पंखा-कूलरशिवाय भागत नाही. पण हवा कोरडी असते आणि कोरड्या हवेत कूलरचं पाणी भराभर उडून गारवा चांगला येतो. साधा कूलर दीडशे-दोनशे वॅट खातो, दीड टनाचा एसी दीड हजारांच्या आसपास. मे महिन्यात खिडकी थोडी उघडी ठेवून कूलर लावा, नाहीतर दमटपणा साचतो. पावसाळ्यात मात्र कूलरचा फारसा उपयोग नाही. जुना पंखा ७५ वॅटचा असतो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा, ३० वॅटच्या आसपास चालतो. रोज पंधरा तास फिरणाऱ्या पंख्यामागे महिन्याला साधारण २० युनिट वाचतात. महावितरणच्या बिलात पहिल्या १०० युनिटांनंतरचा दर जवळपास दुप्पट लागतो, म्हणून वाचतात ती वरची महागडी युनिटं.

प्रवासाचं थोडक्यात. दोघांपैकी कुणी भुसावळला ये-जा करत असेल तर रेल्वेचा मासिक पास काढा. मोटारसायकलला त्या अंतरासाठी रोजचं एक लिटर पेट्रोल लागतं, महिन्याचा पास चार-पाच दिवसांच्या पेट्रोलपेक्षा कमी पडतो. एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं तिकीट आहे, तेव्हा गावी जाताना आधी एसटीच बघा.

एका ठिकाणी मात्र हात आखडू नका, ही कळकळीची विनंती. भांडी-धुण्याला येणाऱ्या ताईंचा पगार आणि सुट्टी कापून बचत करू नका. त्यांच्यामुळेच तुम्हाला तो रविवार मिळतो. मुलांच्या दूध-फळांवरही कात्री नको. रावेर-यावलची केळी इथे दारात मिळतात, बिस्किटांच्या पुड्यांऐवजी डब्यात तीच द्या.

धान्याचा हंगाम सरला असेल तर त्यासाठी थांबू नका. या महिन्याचं वीजबिल काढा, मागच्या बारा महिन्यांची युनिटं त्यावरच छापलेली असतात. कोणत्या महिन्यात आकडा उडी मारतो ते पाहा आणि पहिला पंखा ज्या खोलीत मुलं झोपतात तिथला बदला.