१९५० च्या सुमारास इंग्लंडमधल्या मोठ्या फुटबॉलपटूंनाही पोटासाठी दुसरं काम करावं लागे, हे खरं आहे का?

सगळ्यांना नाही, पण बऱ्याच जणांना. माझं आवडतं उदाहरण टॉम फिनीचं. जन्म १९२२, गाव प्रेस्टन. वडिलांचा हट्ट एकच: आधी प्लंबिंगचं काम पूर्ण शीक, मग खेळ. पोराने ऐकलं. पुढे इंग्लंडकडून ७६ सामने आणि ३० गोल झाले, तरी लोक त्याला ‘प्रेस्टनचा प्लंबर’ म्हणत. हे नुसतं टोपणनाव नव्हतं, त्याचा प्लंबिंगचा धंदा खरोखर चालू होता.

कारण तेव्हा पगाराला कमाल मर्यादा होती. १९५२ मध्ये ती हंगामात आठवड्याला १४ पौंड होती. मैदान खचाखच भरवणारा फिनी असो की संघातला साधा बॅक, त्यापुढे कुणालाच मिळत नसे.

त्याच वर्षी इटलीच्या पालेर्मो क्लबने त्याला बोलावलं. सही केल्याबद्दल १०,००० पौंड, महिन्याला १३० पौंड, वर बंगला आणि गाडी! तो ज्या क्लबकडून खेळायचा, त्या प्रेस्टन नॉर्थ एंडच्या अध्यक्षांनी साफ नकार दिला. इथे खरी मेख आहे. करार संपला तरी खेळाडूची नोंदणी क्लबच्याच ताब्यात राही, त्यामुळे क्लबने सोडल्याशिवाय जाणार कुठे? फिनीच्या निष्ठेचं कौतुक सगळे करतात, मीही करतो. पण त्या निष्ठेला बाहेरून कडी घातलेली होती, हेही सांगायला हवं.

युद्धामुळे लीगमध्ये पहिला सामना खेळेपर्यंत १९४६ उजाडलं होतं. मधली वर्षं सैन्यात गेली, इजिप्त आणि इटलीत. मूळचा डावखुरा, पण सरावाने उजवा पायही तसाच तयार केलेला, म्हणून दोन्ही विंगांवर खेळायचा, नंतर मधोमधही. पत्रकारांचा वर्षातला सर्वोत्तम खेळाडूचा मान १९५४ आणि १९५७ असा दोनदा मिळाला. लीगचं विजेतेपद मात्र कधीच नाही. १९५३ मध्ये गुण आर्सेनलइतकेच होते, पण गोल सरासरीत (केलेले गोल भागिले खाल्लेले गोल) प्रेस्टन मागे पडलं.

१९६० मध्ये तो निवृत्त झाला आणि जानेवारी १९६१ मध्ये ती पगारमर्यादा उठली. नशीब बघा! थोड्याच दिवसांत फुलहॅमचा जॉनी हेन्स आठवड्याला १०० पौंड घेऊ लागला. फिनी प्लंबिंगच्या धंद्यात होता. १९६३ मध्ये उत्तर आयर्लंडच्या डिस्टिलरी क्लबसाठी तो बेनफिकाविरुद्ध एक युरोपियन कप सामना तेवढा खेळून आला. वय ४१, निकाल ३-३.