लिनक्स सर्टिफिकेशनसाठी क्लाउडवरची लॅब: इंदूरच्या वाचकांचे प्रश्न

या वेळचे बहुतेक प्रश्न आरएचसीएसएच्या तयारीबद्दलचे आहेत. ही रेड हॅट या लिनक्स कंपनीची परीक्षा (ईएक्स२००) प्रत्यक्ष मशीनवर कामं करून द्यावी लागते आणि ३०० पैकी २१० गुण मिळाले तर उत्तीर्ण. त्यामुळे लॅब कशी हवी, हा प्रश्न पुस्तक कोणतं घ्यावं यापेक्षा मोठा आहे.

माझ्या लॅपटॉपला ४ जीबी रॅम आहे. व्हर्च्युअलबॉक्समध्ये दोन मशीन सुरू केल्या की सगळं हँग होतं. भंवरकुआँच्या क्लासमधली लॅब थोडाच वेळ मिळते. क्लाउडवर काय घेऊ? — बीएससीचा विद्यार्थी, लोकमान्यनगर

घरच्यांना नवा लॅपटॉप मागू नकोस. क्लाउडवर दोन छोट्या मशीन घे, १ किंवा २ जीबी रॅमच्या. एकीवर भागेल असं वाटतं, पण एनएफएस शेअर (नेटवर्कवरचं सामायिक फोल्डर) ऑटोमाउंट करायचा, म्हणजे आपोआप जोडला जाईल असं करायचं, किंवा एसएसएच कीने दुरून लॉगिन करायचं, तर समोर दुसरी मशीन लागतेच. एकीला ८-१० जीबीची जास्तीची डिस्क जोड; पार्टिशन आणि एलव्हीएमचा (डिस्कची जागा लवचीकपणे वाटण्याच्या पद्धतीचा) सगळा सराव तिच्यावर करायचा, मूळ डिस्कला हात लावायचा नाही.

रीजन, म्हणजे क्लाउडच्या मशीन जिथे आहेत ते ठिकाण, जवळचा निवड. एडब्ल्यूएस (अ‍ॅमेझॉनचा क्लाउड) आणि गूगल क्लाउडचा मुंबईत आहे, अ‍ॅझ्युअरचा पुण्यात, डिजिटलओशनचा बंगळुरूत. थोडं स्वस्त दिसतं म्हणून अमेरिकेतला घेतलास तर व्हीआय एडिटरमध्ये प्रत्येक अक्षर उशिरा उमटेल आणि जीव मेटाकुटीला येईल.

सिस्टीम अल्मालिनक्स किंवा रॉकी लिनक्स (रेड हॅटसारखीच चालणारी मोफत लिनक्स) घे, आणि परीक्षा ज्या आवृत्तीवर देणार तीच आवृत्ती. जुने व्हिडिओ पाहून सेंटओएस ७ बसवू नकोस, त्याची मुदत ३० जून २०२४ ला संपली. खरं रेड हॅटच हवं असेल तर वैयक्तिक डेव्हलपर सबस्क्रिप्शन मोफत आहे, त्यात १६ सिस्टीमपर्यंत चालतात.

१ जीबीवर एक अडचण नक्की येईल: डीएनएफ कमांडने पॅकेज बसवताना मध्येच ‘किल्ड’ असं येऊन काम थांबेल. क्लाउडच्या इमेजमध्ये बहुधा स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) नसतो, म्हणून मेमरी संपते. स्वॅप फाइल बनव, तिची परवानगी ६०० कर, एमकेस्वॅप आणि स्वॅपऑन या कमांड चालव आणि शेवटी एफएसटॅबमध्ये (बूटच्या वेळी कोणत्या डिस्क जोडायच्या याच्या यादीत) नोंद कर. स्वॅप वाढवणं सिलॅबसमध्येही आहे, म्हणजे पहिल्याच दिवशी एक धडा हातावेगळा होतो.

मुलाच्या सरावासाठी माझं क्रेडिट कार्ड जोडलं आहे. तो मशीन रोज बंद करतो म्हणतो, तरी एडब्ल्यूएसचं बिल येतंच. — एक आई, राजेंद्रनगर

ताई, मुलगा खरं सांगतोय. मशीन थांबवली की मशीनचं भाडं थांबतं, पण डिस्कचं चालूच राहतं. शिवाय त्याने कायमचा आयपी पत्ता राखून ठेवला असेल तर त्याचेही पैसे लागतात. फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याला तासाला अर्धा सेंट आहे, म्हणजे महिन्याला साडेतीन डॉलरच्या वर, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. डिजिटलओशनवर तर बंद ठेवलेल्या मशीनचंही पूर्ण भाडं लागतं. तिथे ती डिलीटच करावी लागते.

त्याला राखीव पत्ता सोडून द्यायला सांगा. रोज सुरू करताना पत्ता बदलेल, तेवढी गैरसोय चालते. बजेट अलर्ट लावून घ्या, पण तो नुसती सूचना देतो, मशीन बंद करत नाही हे लक्षात असू द्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं: खात्याला टू-फॅक्टर लावा, खात्याची अ‍ॅक्सेस की कधीही गिटहबवर (कोड ठेवायच्या साइटवर) जाऊ देऊ नका. अशा कीज शोधत फिरणारे प्रोग्राम असतात, आणि एकदा की हाती लागली की तुमच्या कार्डावर दुसऱ्यांच्या मोठमोठ्या मशीन चालतात. खरी भीती याची आहे, डिस्कच्या भाड्याची नाही.

एफएसटॅबमध्ये एक ओळ लिहिली, रीबूट केलं, आता एसएसएच होतच नाही. मशीन टाकून नवी घेऊ का? — सुपर कॉरिडॉरवर नोकरी करणारा वाचक

मुळीच टाकू नका! इतका चांगला सराव विकत मिळत नाही.

झालं काय ते पाहा. यूयूआयडीचं (डिस्कच्या ओळख-क्रमांकाचं) एखादं अक्षर चुकलं असावं. सिस्टीमडी (मशीन सुरू करणारा प्रोग्राम) त्या डिस्कची दीड मिनिट वाट पाहतं, मग इमर्जन्सी मोडमध्ये जातं, आणि एसएसएच सुरूच होत नाही. सीरियल कन्सोल (एसएसएचशिवाय मशीनचा पडदा दाखवणारी क्लाउडची सोय) उघडलात तरी क्लाउडच्या इमेजमध्ये रूटचं (मुख्य प्रशासकाचं) खातं लॉक असतं, त्यामुळे तिथेही दार बंद. (म्हणून लॅबमध्ये रूटला आधीच पासवर्ड देऊन ठेवावा.)

आता दुसरी मशीन कामाला येते. बिघडलेली मशीन थांबवा, तिची मूळ डिस्क काढा आणि दुसरीला जोडा. माउंट करताना मात्र अडाल. दोन्ही मशीन एकाच इमेजवरून बनल्यात, म्हणून दोन्ही डिस्कवरच्या एक्सएफएस फाइलसिस्टीमचा यूयूआयडी एकच आहे, आणि एक्सएफएस एकाच यूयूआयडीच्या दोन फाइलसिस्टीम एका वेळी माउंट करू देत नाही. माउंटला ‘नोयूयूआयडी’ हा पर्याय द्या, ओळ दुरुस्त करा, अनमाउंट करा आणि डिस्क परत जोडताना डिव्हाइसचं नाव पहिलं होतं तेच द्या.

यापुढे एफएसटॅबला हात लावला की रीबूटआधी ‘फाइंडएमएनटी व्हेरिफाय’ आणि ‘माउंट -ए’ चालवायचं. परीक्षेत केलेलं काम रीबूटनंतरही टिकलेलं असावं लागतं, म्हणून रीबूट टाळायचा नाही, त्याची तयारी करायची.

रूटचा पासवर्ड बूटच्या वेळी बदलायचा सराव क्लाउडवर जमत नाही. — विद्यार्थिनी, सुदामानगर

त्यासाठी क्लाउडच्या मागे लागू नकोस. ग्रबचा (बूटच्या सुरुवातीचा) मेनू दिसायला कन्सोल लागतो आणि तो प्रत्येक मशीन प्रकारावर मिळत नाही. घरच्या संगणकावर व्हर्च्युअलबॉक्समध्ये एकच मशीन, डेस्कटॉपशिवाय बसव. एक मशीन ४ जीबी रॅमच्या संगणकावरही चालते. शेवटी एसईलिनक्स या सुरक्षा-व्यवस्थेची लेबलं पुन्हा लावायला सांगणारी ऑटोरीलेबलची फाइल बनवायला विसरलीस तर पासवर्ड बदलूनही लॉगिन होणार नाही, तेवढं जप.

अपाचे वेबसर्व्हर ८२ पोर्टवर चालवायचा आहे. एसईलिनक्स परमिसिव्ह केलं की चालतं. तसंच ठेवलं तर? — टिळकनगर

ठेवू नका. परमिसिव्हवर एसईलिनक्स नियम मोडल्याची नुसती नोंद करतं, एन्फोर्सिंगवर अडवतं, आणि परीक्षेत ते एन्फोर्सिंगवर ठेवूनच काम करावं लागतं. ८० आणि ८१ ला परवानगी आधीपासून असते, ८२ ला नसते. ‘सीमॅनेज पोर्ट’ने ८२ ला एचटीटीपी पोर्टचं लेबल द्या. क्लाउडच्या इमेजमध्ये सीमॅनेज बहुधा नसतंच; ते कोणत्या पॅकेजमध्ये आहे हे ‘डीएनएफ प्रोव्हाइड्स’ने शोधायची सवय लावा, परीक्षेत इंटरनेट नसतं.

मग तपासणी आतून बाहेर करत या. आधी त्याच मशीनवरून कर्ल कमांडने पान मागवून पाहा. चाललं तर दुसऱ्या मशीनवरून, खासगी आयपीवर. तिथे अडलं तर फायरवॉलडी (मशीनची स्वतःची फायरवॉल) किंवा सिक्युरिटी ग्रुप (क्लाउडची फायरवॉल) पाहा. दुसरीवरूनही चाललं आणि फक्त घरच्या ब्राउझरमध्ये अडलं, तर सिक्युरिटी ग्रुपच पाहा. ८२ उघडताना ‘सगळ्यांसाठी’ न करता फक्त तुमच्या घरच्या आयपीसाठी उघडा; एसएसएचच्या २२ पोर्टच्या बाबतीतही तेच.