पुढचं चाक तापतंय, ब्रेक चिकटतोय: कॅलिपर बदलण्याआधी काय बघावं?

तुमचा प्रश्न असा आहे: २००६ची वॅगनआर पावसाळाभर दारात उभी होती. आता पाच-सहा किलोमीटर गेलं की गाडी डावीकडे ओढते, पुढचं डावं चाक तापतं आणि जळका वास येतो. अर्धा तास थांबलं की पुन्हा सगळं ठीक. गॅरेजवाला म्हणतो कॅलिपर (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर पॅड दाबून ब्रेक लावणारा भाग) गेलाय, नवा टाका.

टाकू नका. निदान निपल, म्हणजे कॅलिपरमधलं ऑइल सोडायचा छोटा स्क्रू, सोडून बघितल्याशिवाय तरी नको.

हे सांगायचा हक्क मी पैसे घालवून कमावलाय. माझ्याकडे २००१ची झेन होती, राहायला चिपळूण. पुढचं उजवं चाक अस्संच तापायचं. एका गॅरेजनं कॅलिपर बदलला. महिन्याभरात दुखणं परत आलं, तेव्हा पॅड आणि डिस्क बदलली. त्यानंतर कराडहून येताना कुंभार्ली घाट उतरत होतो. पोफळी यायच्या आधी पेडल एकदम मऊ लागलं, पुढच्या वळणाला जवळजवळ तळाला गेलं. कशीबशी पहिल्या गिअरवर गाडी कडेला घेतली. बाटलीतल्या पाण्याचे चार थेंब रिमवर टाकले तर छस्स करून उडाले. (थेंबच टाका. तापलेल्या डिस्कवर बाटली ओतलीत तर डिस्क वाकडी होऊ शकते.)

चिकटणारा ब्रेक पेट्रोल खातो, पण खरी भीती त्या मऊ पेडलची. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट ३ ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा धरलेल्या जुन्या ऑइलसाठी हीच हद्द १४० अंशांवर येते. चाक घासून घासून तापलं की कॅलिपरमधलं ऑइल उकळतं आणि त्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, मग पाय खाली जातो आणि ब्रेक लागत नाही. तेव्हा निकाल लागेपर्यंत ही गाडी घाटात नेऊ नका.

दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या फिटरकडे गेलो. सगळी कहाणी ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "अरे, निपल सोडून बघितला का कुणी?" कुणीच बघितला नव्हता. त्यांनी गाडी फिरवून आणली, चाक धरल्यावर जॅकवर घेतली आणि कॅलिपरचा ब्लीडर निपल अर्धा आटा सैल केला. ऑइलची चिळकांडी उडाली आणि मघापर्यंत हलत नसलेलं चाक एका बोटानं फिरायला लागलं. दोष होज पाइपचा, म्हणजे कॅलिपरला ऑइल नेणाऱ्या रबरी नळीचा होता. नंतर तो कापून बघितला. बाहेरून अगदी ठणठणीत, आत रबर सुजून वाट इतकी बारीक झालेली की आगपेटीची काडी जाईना. पायाच्या जोरानं ऑइल पलीकडे ढकललं जायचं, पण परत यायला जोरच नाही, म्हणून ते तिथेच अडकून राहायचं. तुमचा ब्रेक थांबल्यावर आपोआप सुटतो, त्यामुळे माझा पहिला संशय होजवरच आहे. पण संशयावर पार्ट घेऊ नका, बघूनच घ्या.

ही तपासणी गार गाडीवर करून उपयोग नाही. आधी चालवून ब्रेक चिकटू द्या. मग सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा, गिअर न्यूट्रलला आणि गाडी स्टँडवर. नुसत्या जॅकवर विसंबू नका. निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीत सोडा, डोळ्यांवर चष्मा आणि हातात मोजे असू द्या, कारण ऑइल गरम असतं. रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा, नाहीतर रंग सोलतो.

निपल सोडल्यावर चाक मोकळं झालं तर कॅलिपरमध्ये दाब अडकलाय. तो होजमुळे की वरून, हे ठरवायला निपल बंद करा, पेडल मारून ब्रेक पुन्हा धरू द्या आणि आता लोखंडी नळी होजला जिथे जोडली आहे तो नट जरा सैल करा. इथे सोडूनही चाक धरलेलंच राहिलं तर होज गेला. इथे सुटलं तर होज निर्दोष आणि दुखणं वर, मास्टर सिलिंडरकडे, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइलवर दाब आणणाऱ्या भागाकडे. त्या नटाला फ्लेअर नटचाच पाना लावा. साध्या पान्यानं कडा गोल होतात आणि गंजलेली नळी पिळली गेली की काम दुप्पट.

मास्टर सिलिंडरचा दोष सहसा एकाच चाकापुरता राहत नाही. पुढची चाकं ओढणाऱ्या पुष्कळ गाड्यांत ब्रेकची लाइन तिरकी विभागलेली असते, म्हणजे पुढचं डावं आणि मागचं उजवं एकत्र. पेडलला थोडा ढिला खेळ नसेल तर ऑइल परत टाकीत जायचं भोक उघडतच नाही. आणखी एक: कुणी चुकून ब्रेकच्या टाकीत इंजिन ऑइल ओतलं असेल तर आतली सगळी रबरं फुगतात. झाकणाखालचं रबर सुजून वेडंवाकडं दिसलं तर तेच समजा. मग नुसतं ऑइल बदलून भागत नाही, लाइन धुऊन सगळी रबरं बदलावी लागतात.

निपल सोडूनही चाक हलेना, तर मात्र दोष कॅलिपरच्या अंगातच. तरीही नवा लागेलच असं नाही. आधी त्याच्या दोन सरकत्या पिना काढून बघा. त्या हातानं सहज आत-बाहेर व्हायला हव्यात. पावसात उभ्या राहिलेल्या गाडीत पिनेवरच्या रबरी टोपणाला (बुटाला) चीर पडते, पाणी शिरतं आणि पिन गंजून बसते. मग एकच पॅड झिजतो. पिना साफ करून ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावा. बेअरिंगचं साधं ग्रीस नको, त्यानं रबर फुगतं. पॅड ज्या खाचेत बसतो तिथलाही गंज तारेच्या ब्रशनं काढा, ओलं करून. ती धूळ तोंडानं फुंकू नका.

पॅडला ढकलणाऱ्या पिस्टनला मागे ओढणारी स्प्रिंग कॅलिपरमध्ये नसते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. चौकोनी कापाचं एक रबरी सील असतं. ब्रेक मारताना ते पिस्टनबरोबर किंचित पिळतं आणि पाय उचलला की सरळ होताना पिस्टनला केसभर मागे आणतं. सील कडक झालं किंवा पिस्टनवर गंज आला की हे केसभर मागे येणंच बंद होतं. पिस्टन गुळगुळीत असेल तर रबरांचं किट टाकून चालतं. नखाला खड्डे लागत असतील तर गॅरेजवाल्याचं बरोबर, बदला.

मागच्या चाकांकडे या वेळी जायची गरज दिसत नाही. फक्त पुढच्या पावसाळ्यात हँडब्रेक ओढून गाडी महिनोन् महिने ठेवू नका, मागच्या ब्रेकचे शू (पॅडसारखे घासणारे भाग) ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा.

होजच निघाला तर दोन्ही बाजूंचे बदला, वय दोघांचं तेवढंच आहे. कॅलिपरच्या मानानं ते किरकोळ खर्चात येतात. ऑइल सीलबंद डब्यातलं, टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचं घ्या आणि चारही चाकांच्या ब्रेक लाइनमधली हवा काढून घ्या. मग सपाट रस्त्यावर दहा किलोमीटर, ब्रेक शक्यतो कमी वापरत जा आणि उतरून दोन्ही पुढच्या रिमजवळ हात न्या. चटका बसेल, टेकवू नका. दोन्हीकडे सारखंच कोमट लागलं की घाट मोकळा.