जुनं देणं बाकी असताना नवा आवाज कशाला मागायचा?

भाऊ, तुमचं दुखणं लगेच ओळखीचं वाटलं. पहाटेची प्रार्थना चालू आहे, उपास झाले, तरी देव बोलेनासा झालाय, असं तुम्ही लिहिलंय. आणि मध्येच जाता जाता लिहिलंय की तासगावच्या बांधावरून थोरल्या भावाशी बोलणं बंद आहे, त्याच्या वाट्याचे द्राक्षांचे पैसेही तुमच्याकडेच आहेत. माझ्या मते गाठ तिथंच आहे. (मी चर्चचा पाळक नाही, पटलं तर घ्या.)

वचन म्हणजे बायबल वाचा, प्रार्थना करा, हे तुम्हाला काय सांगायचं! इस्राएलाचा राजा शौल याच्याकडे बघा. १ शमुवेल १५ मध्ये शत्रू अमालेक्यांचं काहीच राखू नको असं देवानं सांगितलं असताना त्यानं त्यांची निवडक मेंढरं राखली, वर 'यज्ञासाठी' म्हणाला. २८व्या अध्यायात स्वप्नं, उरीम (याजकाकडचं देवाचा कौल घ्यायचं साधन), संदेष्टे, कुठूनच उत्तर येईना, तेव्हा गडी एन-दोर गावच्या भूतविद्यावालीकडे गेला. आजही 'प्रभूनं तुमच्यासाठी मला दाखवलंय' म्हणणारे कमी नाहीत. अशाच एका प्रार्थना-केंद्रानं आमचा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला, नाव घेत नाही. दर वेळी नवा उपास, नवं वचन-कार्ड, अर्पणाचं पाकीट. 'कुणाचं देणं आहे का?' एवढं मात्र कुणी विचारलं नाही. अजून चीड येते.

आधी पैसे. लेवीय ६:५ प्रमाणे मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा, म्हणजे १०,००० ला १२,०००. आपण मोशेच्या नियमशास्त्राखाली नाही, मान्य. पण येशूला भेटल्यावर जकातदार जक्कयनं, ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट देऊ केलं होतं. एकदम जमत नसेल तर हप्त्यांच्या तारखा लिहून द्या.

क्षमा समोर जाऊन मागा, व्हॉट्सॲपवर नको, आणि चर्चमधल्या येत्या प्रभुभोजनाच्या विधीआधी (मत्तय ५:२३-२४: आधी भावाशी समेट, मग अर्पण). आपण काय केलं तेवढंच बोलायचं. 'पण तूही' तोंडातून निघालं की सगळं मुसळ केरात. त्यानं दार लावलं तरी तुमच्याकडचं झालं (रोम १२:१८: आपल्याकडून होईल तितकं शांतीनं राहा). बांधाचा विषय त्या दिवशी काढूच नका. त्यासाठी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा, 'क' प्रत (मोजणीच्या नकाशाची प्रत) घ्या. हद्द दाखवायला स्वर्गातून वाणी येत नसते.

पुढे रोज वहीत एकच ओळ: आज कुणाशी काय नीट करायचं. झोपायच्या आत करून खूण करा. ही घाई फक्त लहान गोष्टींना. नोकरी, लग्न, जमीन असलं काही 'ऐकू आलं' तर थांबा, वचनाशी ताडा, दोन जाणत्यांना विचारा.

आणि हो, देव गप्प म्हणजे पापच, असं मुळीच नाही. बायबलमधल्या नीतिमान ईयोबावर संकटं आली, तेव्हा 'तू पाप केलं असशील' म्हणत त्याच्या मित्रांनी नेमकी तीच चूक केली. झोप-भूक गेली असेल तर मिरजेत मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. त्यानं विश्वास कमी होत नाही.