‘तुम्हीच ठरवा’ म्हटलं तरी माणसं विचारायला का येतात?

“मॅडम, मी सगळ्यांना मोकळीक दिलीय. तरी बारीकसारीक गोष्टीसाठी पोरं केबिनच्या दारात उभी! जबाबदारी कुणालाच नकोय.” समुपदेशनाच्या कामात मॅनेजर मंडळींची ही तक्रार मी सतत ऐकते. ‘हल्लीची पिढीच तशी’ हे पुढचं वाक्यही ठरलेलं. मला ते पटत नाही. हीच पोरं गल्लीतला गणपती वर्गणीच्या हिशोबासकट पार पाडतात.

चाकणकडच्या एका वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यातले प्रॉडक्शन मॅनेजर आले, ते झोप लागत नाही म्हणून. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) रात्रपाळीतूनही फोन यायचे. पहिल्या भेटी सुपरवायझरांच्या गाऱ्हाण्यांतच गेल्या. मग मी विचारलं, “तुम्हाला न विचारता कुणी शेवटचा निर्णय कधी घेतला?”

“एकाने घेतला होता. सेकंड शिफ्टला पार्टच्या कडेला बर, म्हणजे खरखरीत धार, यायला लागली, त्याने प्रेस मशीन बंद ठेवलं.”

“चुकलं त्याचं?”

“नाही, बरोबरच होतं. डाय, म्हणजे पार्टचा साचा, खराब झाली होती. माल तसाच गेला असता तर कस्टमरने परत पाठवला असता.”

“सकाळी तुम्ही काय म्हणालात?”

“ओरडलो नाही हां. एवढंच म्हटलं, मला एक फोन करायला काय झालं होतं?”

“कुठे म्हणालात?”

“मीटिंगमध्ये. सगळ्यांसमोर...” आणि ते थांबले. मी बोलले नाही. अशा वेळी गप्प राहणं आमच्या कामात सगळ्यात अवघड, आणि ते मला बऱ्यापैकी जमतं. जरा वेळाने तेच म्हणाले, “म्हणजे फोन करायला मीच शिकवलं की यांना!”

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांची मांडणी मला फार जवळची. इथे आपलं चालतं, आपल्याला हे जमतं आणि ही माणसं आपली आहेत, या तिन्ही गोष्टी जाणवल्या तर काम आतून करावंसं वाटतं. नुसतं ‘तुम्हीच ठरवा’ म्हणून त्या मिळत नाहीत. कुठवर ठरवायचं, ते माहीत हवं. ठरवायला लागणारी माहिती हाताशी हवी. आणि निर्णय चुकला तर साहेब पाठीशी उभे राहतील, हा भरवसा हवा. यातलं काही न देता काम सोपवणं म्हणजे अंग काढून घेणं.

मॅनेजरांनी सुपरवायझरांसोबत बसून कागदावर लिहिलं: मशीन थांबवणं, माल बाजूला काढणं, माणसं इकडची तिकडे करणं यासाठी विचारायचं नाही, नंतर कळवायचं. कस्टमरकडून परत आलेल्या मालाचे आकडे केबिनमधून शॉपफ्लोअरवर लागले. प्रेस बंद ठेवणाऱ्याला त्याच मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर ‘तुझं बरोबर होतं’ म्हणून सांगितलं. माझ्या मते सगळ्यात जास्त काम याच वाक्याने केलं.

सुरुवातीला फोन उलट वाढले. साहेब खरंच बोलतायत का, हे लोक तपासत होते. तेव्हा उत्तर द्यायचं नाही, “तुला काय वाटतं?” एवढंच विचारायचं, असं आमचं ठरलं होतं. हळूहळू रात्रीचे फोन कमी झाले.

एक जुने सुपरवायझर मात्र अडून बसले. “पगार तेवढाच, मग डोक्याला ताप कशाला?” साहेबांना राग आला. मी त्या सुपरवायझरांच्या बाजूने बोलले. अधिकाराच्या नावाखाली नुसतं काम वाढवलं तर कोण खूश होईल? त्यांच्याकडचं रोजच्या रिपोर्टचं काम ऑफिसकडे गेलं, तेव्हा कुठे ते राजी झाले.