कॅथलिक हायस्कूलमध्ये ऑनर सोसायटी आणि स्टुडंट कौन्सिल, दोन्ही करावं का?

तुम्ही विचारलंय की मुलगी न्यू जर्सीत कॅथलिक हायस्कूलला नववीत गेलीये, सगळे नॅशनल ऑनर सोसायटी आणि स्टुडंट कौन्सिलबद्दल बोलतायत, तर दोन्ही करावं का आणि आपण हिंदू असल्याने काही अडचण येते का. माझी दोन्ही मुलं इथल्या कॅथलिक हायस्कूलमधून बाहेर पडली, मुलगी ऑनर सोसायटीत होती आणि मुलगा कौन्सिलमध्ये, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. ऑनर सोसायटीत शिक्षक निवडतात आणि कौन्सिलमध्ये वर्गातली मुलं निवडून देतात, म्हणजे दोन्हीकडे मुलीला बघणारी माणसंच वेगळी. आपल्याकडचे पालक दोन्ही एकाच फाइलमध्ये टाकतात, कॉलेज अ‍ॅप्लिकेशनसाठी म्हणून, आणि तिथेच मुलांची दमछाक सुरू होते.

ऑनर सोसायटी 1921 ची आहे, अमेरिकेतल्या मुख्याध्यापकांच्या राष्ट्रीय संघटनेने सुरू केलेली. निकष चार: अभ्यास, सेवा, नेतृत्व आणि चारित्र्य. अभ्यासाची राष्ट्रीय किमान अट 4 पैकी 3.0 जीपीए, म्हणजे सगळ्या विषयांच्या ग्रेडची सरासरी, एवढीच आहे पण प्रत्येक शाळा ती वाढवू शकते आणि बऱ्याच कॅथलिक शाळा वाढवतातच, म्हणून तुमच्या शाळेचा आकडा हँडबुकमध्ये बघा. नववीत काहीच भरायचं नसतं, निवड दहावी ते बारावीतच होते, आणि त्याआधी त्या शाळेत किमान एक सेमिस्टर झालेली असावी लागते. जीपीए बसला की मुलांना माहितीचा फॉर्म देतात, त्यात कुठे काय सेवा केली, कुठली जबाबदारी घेतली ते लिहायचं, आणि मग प्रिन्सिपलने नेमलेली पाच शिक्षकांची कमिटी मतदान करते. अ‍ॅडव्हायजरला, म्हणजे सोसायटीचं काम बघणाऱ्या शिक्षकाला, मत नसतं. त्यामुळे "मार्क तर आहेत, मग का नाही घेतलं" असा फोन शाळेत करून काही होत नाही, मार्क म्हणजे फक्त दाराच्या आत पाऊल.

आणि आत गेल्यावरही ते टिकवावं लागतं. जीपीए घसरला किंवा सेवेचे तास भरले नाहीत तर इशारा मिळतो, कॉपी वगैरे गंभीर काही झालं तर काढूनही टाकतात, काढायच्या आधी बाजू मांडायची संधी देतात पण एकदा काढलं की परत कधीच घेत नाहीत. हे मुलीला आत्ताच सांगून ठेवा, घाबरवायला नाही, पण दुसऱ्याचा होमवर्क उतरवून घेणं इथे फार महागात पडतं.

आता सेवा, म्हणजे सर्व्हिस अवर्स. कॅथलिक शाळेत हे ऑनर सोसायटीपुरतं नसतं, बहुतेक ठिकाणी ग्रॅज्युएट व्हायला सगळ्यांनाच तास भरावे लागतात, कारण सेवा हा त्यांच्या धर्मशिक्षणाचाच भाग आहे. जेझुइट नावाच्या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाच्या शाळांमध्ये तर "इतरांसाठी जगणारी माणसं" हे वाक्य सारखं कानावर येतं, ते जेझुइटांचे तेव्हाचे प्रमुख फादर पेद्रो अरुपे यांच्या 1973 च्या भाषणातून आलंय. माझं ठाम मत आहे की एकच जागा धरावी आणि तिथे टिकून राहावं. माझी मुलगी आमच्या गावातल्या फूड पँट्रीत जायची, तिथल्या आज्यांना ती नावाने ओळखायची आणि त्या हिला, आणि शिक्षकांना हे कळतं हो, दहा ठिकाणी दोन-दोन तास भरलेला फॉर्म आणि हा फॉर्म यातला फरक लगेच दिसतो. रविवारच्या मराठी शाळेत लहान मुलांना शिकवलेले तासही बऱ्याच ठिकाणी चालतात, फक्त आधी विचारून घ्या आणि सही त्या-त्या वेळी घ्या, वर्षाअखेरी सह्या गोळा करत फिरणं फार वाईट.

धर्माचं म्हणाल तर निवडीत कॅथलिक असायची अट नाही. थिऑलॉजीचा विषय सगळ्यांना असतो, मासला, म्हणजे चर्चच्या प्रार्थनासभेला, सगळे बसतात, कम्युनियन, म्हणजे तिथला पवित्र प्रसाद, फक्त कॅथलिक मुलं घेतात, बाकीची जागेवर बसून राहतात किंवा हात छातीवर क्रॉस करून पुढे जातात आणि फादर आशीर्वाद देतात. इंडक्शनला, म्हणजे ऑनर सोसायटीत सामील करून घेण्याच्या समारंभाला, मेणबत्त्या लावतात, शपथ असते, बऱ्याच शाळांत प्रार्थनाही होते. माझ्या मुलीला त्यात कधी परकं वाटलं नाही, घरी देवापुढे दिवा लावणाऱ्या पोरीला मेणबत्तीचं काय वावडं असणार.

कौन्सिलचं काम लोकांना वाटतं त्यापेक्षा खूप जास्त असतं. होमकमिंग आणि स्पिरिट वीकसारखे शाळेचे सोहळे, जानेवारीअखेरचा कॅथलिक स्कूल्स वीक, लेंटमधला, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या काळातला, राइस बोल. राइस बोल मला फार आवडतो, मुलं पुठ्ठ्याच्या छोट्या डब्यात चाळीस दिवस पैसे साठवतात, त्यातले 75 टक्के परदेशातल्या गरिबांसाठी जातात आणि 25 टक्के आपल्याच धर्मप्रांतात राहतात. आमचा मुलगा प्रत्येक होमरूममधून (हजेरीच्या वर्गातून) डबे गोळा करणं, नाणी मोजणं, हिशेब लावणं हे करायचा आणि खरं सांगते, पैशाच्या बाबतीत तो तिथेच शहाणा झाला.

पण कौन्सिलच्या हातात सत्ता किती हेही माहीत असू दे. सरकारी शाळेतल्या मुलांना अभिव्यक्तीचा जो घटनेतला हक्क आहे, 1969 च्या टिंकर खटल्यात सुप्रीम कोर्टाने मान्य केलेला, तो खाजगी शाळेला लागू होत नाही. शेवटचा शब्द प्रिन्सिपलचा. युनिफॉर्म बदलू, फोन आणू देऊ असली आश्वासनं देऊन निवडून आलेली मुलं नोव्हेंबरपर्यंत हिरमुसतात. जी मुलं प्रिन्सिपलकडे नीट लिहिलेला प्रस्ताव घेऊन जातात, खर्च किती, देखरेख कोण करणार हे सगळं धरून, त्यांचं काम मात्र होतं, लंचची रांग कमी करण्यासारख्या गोष्टी अशाच होतात.

दोन्ही करावं का? करता येतं, पण नववीत फक्त कौन्सिल आणि सेवेची एक जागा, बस. अनेक कॉलेजांना चालणाऱ्या एकाच प्रवेशअर्जात, म्हणजे कॉमन अ‍ॅपमध्ये अ‍ॅक्टिव्हिटीजना दहाच जागा असतात आणि प्रत्येकीचं वर्णन दीडशे अक्षरांत, तिथे नुसतं "मेंबर" लिहून काहीच सांगता येत नाही. नववीच्या प्रतिनिधींची निवडणूक बऱ्याच शाळांत शाळा सुरू झाल्यावर लगेच होते, तेव्हा तिला या आठवड्यातच कौन्सिलच्या मॉडरेटरला, म्हणजे कौन्सिल बघणाऱ्या शिक्षकांना, भेटायला सांगा, आणि भाषण तिचं तिलाच लिहू द्या, वर्गातल्या मुलांना आईबाबांनी लिहिलेलं भाषण पहिल्या वाक्यात ओळखू येतं.